अमेरिकी शासन व इतिहासाचे दृक्‌श्राव्य अध्यापन

अमेरिकेची राज्यघटना, संघराज्यीय शासनव्यवस्था आणि राष्ट्रीय इतिहास हे विषय चित्रपट, दूरचित्रवाणी व इंटरनेटवरील व्हिडिओ यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धती. अमेरिकेत शालेय शिक्षण हा घटक राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे देशभर एकच अभ्यासक्रम वा एकच पाठ्यपुस्तक नाही. प्रत्येक राज्य आपली मानके ठरविते आणि पुष्कळ ठिकाणी साधनांची निवड स्थानिक शाळामंडळे व शिक्षक यांच्याकडे राहते. या मोकळ्या जागेत प्रकाशनसंस्था, दूरचित्रवाणी वाहिन्या, धर्मादाय प्रतिष्ठाने आणि अलीकडे यूट्यूबवरील निर्माते उतरले. इतिहास आणि शासन हे विषय शाळेत जोडीने शिकविले जात असले, तरी पडद्यावर दोघांची गत सारखी नाही. इतिहासाला छायाचित्रे, पत्रे, रणभूमी आणि हयात साक्षीदार मिळतात. शासनाचा बराचसा कारभार मात्र समित्यांतील मसुदे, न्यायनिर्णय आणि मतांची जुळवाजुळव यांतून चालतो, आणि त्याचे चित्रण करणे अवघड जाते.

चित्रपटामुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत टॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये केले होते. ते खरे ठरले नाही. पण १९२३ मध्ये कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटर रुंदीची, सहज पेट न घेणारी फिल्म बाजारात आणल्यावर वर्गात चित्रपट दाखविणे सुरक्षित व स्वस्त झाले. त्याच सुमारास येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकी इतिहासावरील मूकपटांची एक मालिका शाळांसाठी तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका फिल्म्स व कॉरोनेट या संस्थांच्या लघुपटांनी शाळांची कपाटे भरली. या काळातील बहुतेक लघुपटांत एक भारदस्त पुरुषी आवाज निवेदन करतो, पात्रे क्वचितच बोलतात आणि राष्ट्राची वाटचाल अखंड प्रगतीची म्हणून दाखविली जाते.

दूरचित्रवाणीने या साच्याला धक्का दिला. एबीसी वाहिनीवर १९७३ पासून शनिवारी सकाळी व्यंगपटांच्या मधल्या वेळेत ‘स्कूलहाउस रॉक’ ही सुमारे तीन मिनिटांच्या गाण्यांची मालिका दाखविली जाऊ लागली. मुलाला पाढे पाठ होत नाहीत, पण रॉक गाणी तोंडपाठ असतात, हे एका जाहिरात-व्यावसायिकाच्या लक्षात आले आणि त्यातून ही कल्पना निघाली. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने तिच्यात इतिहास व शासनाची गाणी आली. त्यांपैकी १९७६ च्या गाण्यात कॅपिटॉलच्या (संसदभवनाच्या) पायऱ्यांवर बसलेले एक विधेयक आपला प्रवास सांगते: समितीत अडकून पडणे, प्रतिनिधिगृहातील मतदान, मग सिनेटमध्ये पुन्हा पहिल्यापासून तेच आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकाराची भीती. बहुसंख्य विधेयके समितीतच संपतात, ही गोष्ट हे गाणे लपवीत नाही, आणि तीन मिनिटांच्या बालगीताच्या मानाने हे थोडके नव्हे. दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे मसुदे मंजूर केल्यास तडजोड कशी होते, हा भाग मात्र त्यात नाही. राज्यघटनेच्या सरनाम्याच्या गाण्यात चाल जमावी म्हणून आरंभीचे ‘संयुक्त संस्थानांचे’ या अर्थाचे शब्द गाळले आहेत; सरनामा गाण्यावरून पाठ करणाऱ्याला ते मूळ संहितेत पाहूनच भरून काढावे लागतात.

इतिहासाच्या बाजूला दोन माहितीपट-मालिका निर्णायक ठरल्या. हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड या संस्थेची नागरी हक्क चळवळीवरील ‘आइज ऑन द प्राइझ’ (१९८७) ही मालिका सहभागी कार्यकर्त्यांच्या मुलाखती आणि तत्कालीन वार्ताचित्रण यांवर उभी आहे, आणि घटनेचे साक्षीदार स्वतः बोलत असल्यामुळे शिक्षकांना तिचा उपयोग मूळ साधनासारखा करता येतो. परंतु वापरलेली गाणी, छायाचित्रे व चित्रणे यांच्या हक्कांची मुदत संपल्याने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ती नव्याने प्रक्षेपित वा वितरित करता येईना. हक्क पुन्हा मिळवून ती २००६ मध्ये दूरचित्रवाणीवर परतली. केन बर्न्स यांची यादवी युद्धावरील नऊ भागांची मालिका १९९० मध्ये पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्यावर दाखविली गेली. स्थिर छायाचित्रांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा आणि सैनिकांच्या पत्रांचे वाचन यांमुळे ती वर्गांत दीर्घकाळ वापरली गेली. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळाला तिच्यात फारच थोडी जागा मिळाली, हा इतिहासकारांचा आक्षेप रास्त आहे, कारण गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या नागरिकत्वाचा व मताधिकाराचा प्रश्न त्याच काळात उभा राहिला.

शासनाच्या अध्यापनात सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे सी-स्पॅन. केबल कंपन्यांच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या या ना-नफा संस्थेने १९ मार्च १९७९ पासून प्रतिनिधिगृहाचे आणि २ जून १९८६ पासून सिनेटचे कामकाज थेट दाखविण्यास सुरुवात केली. तिचा संग्रह २०१० पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि शिक्षकांसाठी त्यातील छोटे उतारे वेगळे काढून दिलेले असतात. येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट आधी सांगावी लागते: सभागृहातील कॅमेरे सी-स्पॅनचे नसून सभागृहाच्याच नियंत्रणाखाली आहेत. १९८४ मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधी न्यूट गिंग्रिच व त्यांचे सहकारी दिवसाचे कामकाज संपल्यावर विरोधकांवर टीकेची भाषणे करीत. कॅमेरा केवळ वक्त्यावर रोखलेला असल्याने समोर कोणी उत्तर द्यायला उठत नाही, असे प्रेक्षकांना वाटे. सभापती टिप ओनील यांनी कॅमेरे सभागृहभर फिरविण्याचा आदेश दिला आणि रिकाम्या खुर्च्या देशाला दिसल्या. प्रतिनिधिगृह कसे चालते हे शिकविण्यासाठी या प्रसंगाइतका चांगला पाठ क्वचितच सापडेल.

पडद्यावर न दिसणारे शासन हा या पद्धतीचा खरा अडसर आहे. सर्वोच्च न्यायालय सुनावणीत कॅमेऱ्यांना परवानगी देत नाही. १९५५ पासून युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण होते आणि मे २०२० पासून, महासाथीच्या निमित्ताने, ते थेट ऐकविले जाऊ लागले. न्यायालयीन निर्णयांवरील व्हिडिओ त्यामुळे रेखाटने, ध्वनिफिती व मुलाखती यांवर चालतात. सिनेटमधील ‘फिलिबस्टर’ची, म्हणजे चर्चा लांबवून मतदान रोखण्याच्या डावपेचाची, अडचण उलटी आहे. तासन्‌तास उभे राहून बोलणारा सिनेटर पडद्यावर उठून दिसतो, पण आज बहुतेक विधेयके चर्चा थांबविण्यास लागणारी ६० मते नसल्याने अडतात आणि त्यासाठी कोणालाही भाषण करावे लागत नाही. कॅमेऱ्याला यात टिपण्यासारखे काही नसते.

यूट्यूबच्या काळात जॉन व हँक ग्रीन या बंधूंच्या ‘क्रॅश कोर्स’ने अमेरिकी इतिहासावर (२०१३ पासून) आणि शासन व राजकारणावर (२०१५ पासून) दहा-बारा मिनिटांच्या भागांच्या मालिका दिल्या. या भागांचा वेग इतका असतो, की पहिल्यांदा ऐकणाऱ्यापेक्षा परीक्षेआधी उजळणी करणाऱ्याला ते अधिक मानवतात. महाविद्यालयीन दर्जाच्या ‘एपी’ अभ्यासक्रमात शासन या विषयासाठी नऊ मूलभूत दस्तऐवज आणि सर्वोच्च न्यायालयाचे चौदा खटले सक्तीचे आहेत. परीक्षेत मूळ मजकुराचे वाचन तपासले जात असल्याने केवळ व्हिडिओ पाहून तिथे भागत नाही.

व्हिडिओ पारखण्याचे शिक्षण हा अलीकडील संशोधनाचा मुद्दा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील इतिहास-शिक्षण गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांना मतपेटीत बनावट मतपत्रिका टाकल्या जात असल्याचे दाखविणारी एक निनावी चित्रफीत दिली गेली. ५२ टक्क्यांना ती अमेरिकेतील मतदान-गैरव्यवहाराचा सबळ पुरावा वाटली. प्रत्यक्षात ती रशियातील होती, आणि विद्यार्थ्यांना इंटरनेट वापरण्याची मुभा असूनही तिचा उगम शोधणारे तिघेच निघाले. आशयावरील वादही कमी नाहीत. फ्लॉरिडाने २०२३ मध्ये ‘प्रेगरयू’ या पुराणमतवादी संस्थेच्या मुलांसाठीच्या चित्रफिती पूरक साहित्य म्हणून वापरण्यास परवानगी दिली, तेव्हा त्यांतील कोलंबस व गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या तोंडची गुलामगिरीविषयीची वाक्ये टीकेचे लक्ष्य ठरली.

शाळेबाहेर या साधनांचा मोठा वापर नागरिकत्व घेऊ इच्छिणारे स्थलांतरित करतात. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांतही मुले शाळेत जो सरनामा शिकतात, त्याचीच तयारी आईवडील नागरिकत्वासाठी करतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांच्या संचातून २० पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. परीक्षा तोंडी असते आणि अधिकारी प्रश्न सहसा इंग्रजीतच विचारतो, म्हणून मुलाखतीचे नमुने दाखविणाऱ्या चित्रफितींचा तयारीत विशेष उपयोग होतो.