जायफळ: सहाणेवरचा वळसा ते चमचाभर पूड

कोल्हापुरातल्या जुन्या घरांत गुटीच्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड आणि बाळहिरडा यांच्यासोबत एक जायफळ असते, आणि ते बहुधा एका बाजूने तिरके झिजलेले असते. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून ते उगाळताना आजीचा हात एकदोन वळसे घेऊन थांबतो आणि दगडावर जेमतेम तपकिरी रेघ उमटते. पुरणात किंवा बासुंदीत किसून घालायचे तरी पातेल्याला चिमूट पुरते. हे फळ भरपूर पोटात गेले तर काय होईल, असा प्रश्न या घरांत सहसा पडलाच नाही, कारण मात्रा ठरवण्याचे काम सहाणच करत होती. आता अख्ख्या जायफळाशेजारी तयार पुडीची पाकिटे मिळतात आणि झोप येत नाही म्हणून दुधातून चमच्याने पूड घेणारे भेटतात. म्हणून या फळाचा मागचा इतिहास पाहणे मला गरजेचे वाटते.

जायफळ गुंगी आणते, ही माहिती आपल्याकडे जुनीच आहे. चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी तोंडात धरायच्या पदार्थांत लवंगेबरोबर जातीफळ येते, तर संस्कृत कोशांत त्याचे ‘मदशौण्डक’ असेही एक नाव आढळते, ज्यातला ‘मद’ म्हणजे धुंदी. तरीही ते शतकानुशतके जपूनच वापरले गेले, याचे एक साधे कारण दुर्मिळता हे होते. जगाला पुरणारे सारे जायफळ आजच्या इंडोनेशियातील बांदा या चिमुकल्या बेटांवरून येई. १५१२ मध्ये पोर्तुगीज तिथे पोहोचले. १६२१ मध्ये डचांनी बेटे जिंकताना तिथल्या बहुतेक रहिवाशांना ठार केले, गुलाम केले किंवा देशोधडीला लावले. आणि डचांशी झालेल्या १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी बांदापैकीच असलेल्या रून बेटावरचा हक्क सोडला, तर मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. पुढे इंग्रजांनी बांदातून रोपे बाहेर नेली, मक्तेदारी मोडली आणि जायफळ सामान्यांच्या आवाक्यात आले. आज ते कोकणातही पिकते.

अतिसेवनाच्या वैद्यकीय नोंदी युरोपात सापडतात. दहा-बारा जायफळे खाऊन भ्रमिष्ट झालेल्या एका गर्भवती इंग्रज स्त्रीची हकिकत लोबेलियस या वैद्याने १५७६ मध्ये लिहून ठेवली. शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२९ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला आणि तीन जायफळांनंतर आलेली गाढ तंद्री व स्वप्नवत भास नोंदवले. एकोणिसाव्या शतकात जायफळाने गर्भपात होतो अशा समजुतीतून इंग्लंडमधल्या अनेक स्त्रियांना विषबाधा झाली. या नोंदींत मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद १९०८ मधली आहे: दोन जायफळे खाल्लेला आठ वर्षांचा मुलगा दगावला.

या परिणामांमागे जायफळाच्या तेलातील मिरिस्टिसिन हे द्रव्य मुख्यतः असल्याचे मानले जाते. एलेमिसिन आणि सॅफ्रोलही त्यात असतात. सुमारे ५ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक अख्खे जायफळ, मोठ्या माणसालाही त्रास द्यायला पुरेसे ठरते. तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, मळमळते, चक्कर येते. पुढे बेचैनी, भीती, भास आणि मग गुंगी, असा त्रास दिवसभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. खरा घात वेळेचा आहे. लक्षणे दिसायला तीन ते सहा तास लागतात, आणि तोवर ‘काहीच फरक पडला नाही’ असे वाटून माणूस आणखी एक चमचा घेतो.

गुटीबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. वळसा कितीही लहान असला तरी तो घेणारे बाळ चार-पाच किलोचे असते, आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपेसाठी बाळाला जायफळ चाटवण्यात आजीची माया असते हे मान्य करूनही मी ते टाळावे असेच म्हणेन. सहाण बाजूला ठेवून विकतची पूड बोटाने चाटवणे तर त्याहून धोक्याचे, कारण तिथे वळशाचा आवरही उरत नाही.

जायफळाच्या विषबाधेवर विशिष्ट उतारा नाही. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवून लक्षणांनुसार उपचार केले जातात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पूड किती चमचे आणि किती वाजता घेतली, हे न लाजता आधी सांगावे, आणि पाकीट सोबत न्यावे.