महासाथीतील राष्ट्रीय धोरणे आणि लोकस्वास्थ्य

महासाथीत देश काय बंद करतो, काय चालू ठेवतो आणि घरी बसवलेल्या माणसाच्या हातात काय देतो, यावर लोकांचे स्वास्थ्य ठरते. त्यात मृत्यू येतात, तशीच बुडालेली मजुरी, शाळा आणि एकटेपणाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे भारत व न्यूझीलंड यांचे लॉकडाउन एका दिवसाच्या फरकाने लागले. न्यूझीलंडने पूर्णवेळ कामगारामागे मालकाला आठवड्याला ५८५.८० न्यूझीलंड डॉलर वेतन-अनुदान दिले. ८ जूनला तिथे एकही सक्रिय रुग्ण उरला नव्हता. चहूकडून समुद्र, हाही फायदा होताच. भारतातील बंदी जगातल्या सर्वांत कडक बंद्यांपैकी. आधार मुख्यतः रेशनवरील माणशी ५ किलो मोफत धान्याचा. स्वीडनने सक्तीपेक्षा सल्ल्यावर भिस्त ठेवली, लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या. पहिल्या वर्षी तिथल्या वृद्धाश्रमांत फार माणसे दगावली. मात्र २०२०–२२ चे एकूण अतिरिक्त मृत्यू (नेहमीच्या वर्षांत अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त झालेले) मोजले, तर स्वीडन युरोपातील सर्वांत कमी हानीच्या देशांत बसतो. हिशेब कोणत्या तारखेला मांडला, त्यावर निकाल फिरतो.

कडक बंदीचा गुण आणि जाच दोन्ही कृष्णाकाठी दिसले. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात (जि. सांगली) सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबापासून रुग्ण पंचविशीपर्यंत गेले, परिसर सील झाला, संपर्कातले लोक हुडकून वेगळे ठेवले आणि साखळी तुटली. त्याच दिवसांत तासगाव भागात द्राक्षे वेलीवर तयार होती आणि व्यापारी फिरकत नव्हता. अनेकांनी माल बेदाण्याच्या शेडवर नेला. पाटण-जावळीकडे मुंबईहून माथाडी परतू लागले, तेव्हा वेशीवर आडवी लाकडे पडली. आपल्याच गावात त्यांचा मुक्काम १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. घरचा डबा फाटकाशी ठेवून माणूस मागे सरायचा. सगळी भावकी मातीला जमते अशा मुलखात अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. हे दुःख कोणत्याच निर्देशांकात मोजले गेलेले नाही.

धोरण एकच असले तरी त्याचा मुक्काम सगळ्या जिल्ह्यांत सारखा नव्हता. २ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने निर्बंध सैल केले, त्यातून वगळलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा, सांगली दोन्ही होते. जुलैचा महापूर नुकताच ओसरला होता. गाळ उपसून उघडलेली सांगलीतली दुकाने नियमाप्रमाणे दुपारी चारला पुन्हा बंद करावी लागत.