बालकवृत्ती आणि सेवा (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना. स्वतःचा मान, हक्क आणि पंगतीतला क्रम सोडून लहानाच्या जागी उभे राहणे आणि तिथूनच दुसऱ्याच्या कामी येणे, असा तिचा अर्थ आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मराठी मंडळ्यांत (चर्चच्या स्थानिक समाजांत) ती प्रवचनातून ऐकायला मिळतेच. पण आज्ञा गुरुवारचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारचा, पाय धुण्याचा विधी आणि प्रीतिभोजनाची, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाची, पंगत या दोन जागी ती प्रत्यक्ष दिसते.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, तिचे तीन आधार आहेत. कफर्णहूमला येताना वाटेत शिष्यांचा ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून वाद झाला, तेव्हा येशूने एका मुलाला त्यांच्यामध्ये उभे केले (मत्तय 18:1–5, मार्क 9:33–37). लोकांनी आणलेल्या मुलांना शिष्य दटावू लागले, तेव्हा तो शिष्यांवरच रागावला आणि मुलांना त्याने कवेत घेतले (मार्क 10:13–16). आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले (योहान 13:1–17). मोठेपणाचा वाद त्या रात्री जेवतानाही निघाला होता, असे शुभवर्तमानकार लूक सांगतो (22:24–27). एकदा शिकवून तो मिटला नव्हता.

इथे ‘बालक’ म्हणजे निरागस, गोड, निष्पाप जीव असा अर्थ बहुतेक जण धरतात. तो अपुरा आहे. त्या काळच्या समाजात मुलाला शब्द नव्हता, साक्ष नव्हती, मान नव्हता. वारस बाळ असेपर्यंत त्याच्यात आणि दासात काही फरक नसतो, असे प्रेषित पौल लिहितो (गलती 4:1). ग्रीक भाषेतला ‘पाइस’ हा शब्द मूल आणि नोकर या दोन्ही अर्थांनी वापरला जाई. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण हॉटेलात टेबल पुसणाऱ्याला आपणही ‘पोऱ्या’च म्हणतो, मग तो चाळिशीचा का असेना. ‘दियाकोनोस’ हा सेवकासाठीचा शब्दही मुळात पंगतीत वाढणाऱ्याचा, म्हणजे वाढप्याचा आहे. डीकन हे चर्चमधले सेवकपद त्यावरूनच आले. म्हणून बालकवृत्ती आणि सेवा हे दोन वेगळे सद्गुण नाहीत. लहान होणे म्हणजे ज्याला कोणीही हाक मारून काम सांगू शकते, त्याच्या जागी जाणे. लूक तर तान्ह्या बाळांचा उल्लेख करतो (18:15). बाळाला नम्रतेचा सराव करता येत नाही, त्याला फक्त दुसऱ्याकडून घेता येते. घेता येणे हाही या वृत्तीचा निम्मा भाग आहे, आणि थोरामोठ्यांना नेमके तेच जड जाते.

बालकवृत्ती आणि बालिशपणा यांची गल्लत होऊ नये. वाईटाच्या बाबतीत तान्हे व्हा, समजुतीच्या बाबतीत मात्र प्रौढ व्हा, असे पौलच बजावतो (1 करिंथ 14:20). मंडळीच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला ‘मुलासारखा विश्वास ठेव’ म्हणून गप्प बसवणे हा या शिकवणीचा सरळ गैरवापर आहे. नम्रता स्वतः पत्करायची असते, दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. येशूने मुलाला मध्ये उभे केले त्याच प्रसंगात, लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असा इशाराही आहे (मत्तय 18:6). हाताने फिरवायच्या जात्याची ही तळी नव्हे. मूळ शब्द गाढवाने ओढायच्या मोठ्या जात्याचा आहे.

या भागात ही शिकवण दोन वाटांनी रुजली. एक वाट भक्तीची. कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखीच जागा होती. ख्रिस्ताला माउली म्हणणारी त्यांची अभंगवाणी या मातीला परकी वाटली नाही, कारण ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते आणि वारीत थोर-लहान न पाहता एकमेकांच्या पाया पडणे सर्वांच्या ओळखीचे आहे. दुसरी वाट शुश्रूषेची. 1889 मध्ये भारतात आलेले कॅनेडियन डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे मिरजेतील रुग्णालय 1894 मध्ये उघडले. कुष्ठरुग्णांच्या जखमा धुणे हे मिरजेत ख्रिस्ती सेवेचे नेहमीचे काम झाले.

पाय धुण्याचा विधी

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी, म्हणजे 19 मार्च ते 22 एप्रिल यांदरम्यान, संध्याकाळच्या उपासनेत हा विधी होतो. कॅथलिक पंथात 1955 च्या सुधारणेपासून तो त्या संध्याकाळच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) घेता येतो. जानेवारी 2016 च्या आदेशानंतर स्त्रियांचेही पाय धुतले जातात. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो संस्कार मानला जात नाही. काही पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तो घेतात, काही बायबलमधला नुसता पाठ वाचतात.

आपल्याकडे पाय धुण्याला आधीच एक अर्थ आहे. लग्नात वधूचे आईवडील वराचे पाय धुतात, तो मान असतो. म्हणून मंडळीचे पंच (कारभारी), देणगीदार आणि पाहुणे यांनाच खुर्च्यांवर बसवले, तर हा विधी उलट्या दिशेला जाऊन मानपानाचा होतो. निवड करताना झाडलोट करणारी बाई, संडे स्कूलमधले मूल, नुकतीच मंडळीत आलेली व्यक्ती, ज्याच्याशी पाळकाचे बिनसले आहे तो माणूस, अशी नावे आधी घ्यावीत. आठवडाभर आधी प्रत्येकाला विचारावे. पाय पुढे करायला माणसे कचरतात आणि आयत्या वेळी उठून जातात. येशूचा शिष्य पेत्र यानेही आधी नकारच दिला होता.

एका पावलाला साधारण पाव लीटर पाणी पुरते. बारा जणांचे उजवे पाऊल धुवायचे तर तीन लीटर, दोन्ही पावले धुवायची तर सहा. सांडलवंड धरून आठ-दहा लीटरची बादली भरून ठेवावी. सांगलीत त्या दिवसांत साधे पाणी चालते. पाचगणी-महाबळेश्वरला संध्याकाळी ते कोमट करून घ्यावे. मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांना चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी आपल्या कोपराने तपासावे. पाऊल घंगाळात बुडवू नये. वरून तांब्याने धार धरावी, म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्याला लागत नाही. जखम किंवा पट्टी असेल तर ते पाऊल सोडून दुसरे घ्यावे. ऊसतोडीचा हंगाम नुकताच सरलेला किंवा सरत आलेला असतो, टाचांना भेगा असतात, तिथे चोळायचे नाही. माणशी एक पंचा हवाच. जोडवी काढायला सांगू नये, बोटांच्या बेचक्यांत मात्र नीट कोरडे करावे, नाहीतर ओल राहते. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, म्हणून खुर्च्यांपुढे गोणपाट अंथरावे. खुर्च्या व्यासपीठावर न ठेवता खाली, मंडळीच्या पातळीवर ठेवाव्यात.

माणशी दीड-दोन मिनिटे धरली तर बारा जणांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळेपुरती गीते आधी ठरवावीत, नाहीतर शेवटच्या चौघांचे पाय घाईत उरकले जातात. सगळ्यात जास्त चुकते ते वेगळेच. पाळक पाण्याचा हात फिरवतो, आणि मळके घंगाळ उचलून ओतायचे काम सेवकाच्या वाट्याला येते. येशूच्या काळी गुलामाचे काम तेच होते. घंगाळ पाळकानेच उचलावे, अंगणातल्या झाडाला ओतावे आणि घासून जागेवर ठेवावे. जमलेली मुले नेमकी हेच बघत असतात. आधी घरून पाय स्वच्छ धुऊन, नखे कापून येणारे पुष्कळ असतात. त्यांना हसू नये, ती लाज खरी असते. विधी चालू असताना फोटो काढणे टाळावे.

पंगत

प्रीतिभोजनात पहिल्या पंगतीला मुले व म्हातारी माणसे, आणि वाढायला पाळक व पंच, ही जुनी रीत राखण्यासारखी आहे. प्रेषितांच्या काळीही वाढपात विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार झाली आणि त्यासाठी सात माणसे नेमावी लागली (प्रेषितांची कृत्ये 6). हल्ली जेवण बुफे पद्धतीने ठेवतात. त्यात वाढणारा कोणीच उरत नाही आणि म्हातारी माणसे ताट घेऊन रांगेत उभी राहतात. निदान त्यांच्यासाठी दोन सतरंज्या अंथरून बसायची सोय करावी. वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात, तोवर रस्सा तळाला गेलेला असतो. म्हणून त्यांच्यापुरते भात व रस्सा आधीच बाजूला काढून ठेवावे. त्यांना वाढायला मुलांना उभे करावे. भाताची परात मुलांना पेलत नाही, तेव्हा त्यांच्या हाती मीठ, लोणचे आणि पाण्याचा जग द्यावा.