चिपची लाही होऊ नये म्हणून

परवा ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. काचेचं उंच कपाट, आत एक यांत्रिक हात सुर्रकन वर जातो, नाश्त्याच्या प्लेटएवढं रीळ उचलून खिडकीत आणून ठेवतो, आणि खाली लिहिलेलं "एआय गोदाम, आता माणसांची गरज संपली". अहो, कसलं एआय! भोसरीत ओळखीच्या एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक पार्ट ठेवायचा असलाच टॉवर मी तासभर बघत बसलो होतो. बारकोड, मोटर आणि कधीही न चुकणारी हिशोबाची वही, एवढाच मामला आहे. पण ती वही कसला हिशोब ठेवते ते कळलं की मजा येते.

आधी रीळ म्हणजे काय ते सांगतो. मोबाईल, मीटर, चार्जर यांच्या बोर्डावर जे बारीक रेझिस्टर असतात त्यातला ०४०२ साइजचा म्हणजे १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर, मोहरीपेक्षा बारीक. ते एका पट्टीत ओळीने बसवून पट्टी गुंडाळतात, ७ इंची रिळात असे १०,००० मावतात. एका बोर्डाला शंभर प्रकारचे पार्ट लागले तर शंभर रिळं, आणि दिसायला सगळी सारखीच. टॉवरमधे कुणाचीच जागा ठरलेली नसते. आपल्याकडे डाळीचा डबा डाळीच्याच जागी लागतो, इथे जो खण रिकामा तिथे रीळ आणि पत्ता कॉम्प्युटरच्या लक्षात. याचाच मोठा भाऊ ट्रेवाला असतो, पुढेमागे ट्रेच्या दोन उभ्या रांगा आणि मधल्या बोळातून वरखाली करणारी लिफ्ट, ट्रे आत जाताना प्रकाशकिरणांनी मालाची उंची मोजतात आणि तेवढीच जागा देतात. जागा वाचते, वेळ वाचतो, ठीक आहे.

मला भारी वाटतं ते वेगळंच, रिळांच्या टॉवरच्या आत हवा कोरडी ठेवलेली असते, आर्द्रता ५ टक्क्यांच्या खाली. का? तर रिळांत चिपही असतात, त्यांचं जे काळं प्लास्टिक दिसतं ते एपॉक्सी असतं आणि ते हवेतलं पाणी पितं. फार नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण तेवढं पुरतं. कारण बोर्ड भट्टीतून जातो तेव्हा शिसं नसलेलं सोल्डर (पार्ट बोर्डाला जोडणारा धातू) वितळवायला अख्खी चिप २४० ते २६० अंशांपर्यंत तापते. घरचा कुकर साधारण १२० अंशांना, हवेच्या दुप्पट दाबाला शिट्टी देतो. २६० अंशांना वाफेचा दाब हवेच्या ४६ पट होऊ शकतो! अगदी तेवढा नाही झाला तरी प्लास्टिक आतल्या धातूपासून सुटतं, फुगतं, तडकतं, कधी कधी टप्प आवाजही येतो. इंग्रजीत याला पॉपकॉर्नच म्हणतात, आपण लाही म्हणू. जुन्या रेडिओच्या जमान्यात हे नव्हतं कारण पार्टचे पाय भोकातून खाली जायचे, सोल्डर खालून लागायचं आणि पार्टचं अंग तेवढं तापायचंच नाही.

म्हणून ओलाव्याला किती नाजूक त्यावरून चिपना पातळ्या दिलेल्या असतात. पातळी ३ ची चिप सीलबंद पिशवीतून काढली की ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास, म्हणजे आठवडाभर चालते. पातळी ४ ला ७२ तास, ५अ ला फक्त २४. वेळ संपली की आधी भाजायची, मग वापरायची. पण १२५ अंशांना भाजायचं तर साधं प्लास्टिकचं रीळच मऊ पडून वाकेल, आणि ४० अंशांना भाजलं तर तासांचं काम दिवसांवर जातं, कारण पाणी प्लास्टिकमधून रेणू-रेणूने सरकत बाहेर येतं आणि तापमान उतरलं की तो वेग नुसता कमी होत नाही, कोसळतो. गंमत अशी की कोरड्या कपाटात ठेवलं की या तासांचं घड्याळ थांबतं, आणि पातळी ३ ची चिप १२ तासांहून कमी बाहेर राहिली असेल तर जेवढा वेळ बाहेर त्याच्या पाचपट वेळ कोरड्यात ठेवल्यावर घड्याळ परत शून्यावर येतं. आता हे शंभर रिळांसाठी, दिवसातून दहादा आतबाहेर करत, माणसाने पेनने लिहायचं? तिथेच टॉवर पैसे वसूल करतो.

(भिजलेला मोबाईल तांदळात ठेवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. तांदूळ उघड्या हवेपेक्षा काही जास्त ओढत नाही, वर पीठ आणि कण चार्जिंगच्या भोकात जातात. अ‍ॅपलने तर २०२४ मधे सरळ लिहूनच टाकलं की असं करू नका.)

पावसाळ्यात आपल्याकडे हवा सहज ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा ते १६८ तास खरे धरता येत नाहीत, बोर्ड बनवायच्या लाइनवर एसी आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोरडी करणारं यंत्र, लागतोच. पण मग हवा कोरडी केली की दुसरं भूत, स्टॅटिक, म्हणजे अंगावर साठणारी वीज! झटका आपल्याला जाणवतो साधारण ३,००० व्होल्टला, आणि काही चिप १०० व्होल्टच्या आतच मरतात, न चमकता, न वास येता. म्हणजे पाण्यापासून वाचवायला हवा कोरडी करा आणि कोरड्या हवेपासून वाचवायला खण, हात, फरशी सगळं अर्थिंग करा.

त्या दिवशी स्टोअरवाल्या काकांनी मनगटाचा पट्टा लावला, लाइनवरून परत आलेलं एक रीळ स्कॅन केलं. स्क्रीनवर आलं, ३१ तास झाले, १३७ शिल्लक. खिडकी बंद झाली, हात रीळ घेऊन वर गेला आणि काका चहाला.