पार्श्वभूमी: पियानोची वही, ऑर्केस्ट्राचा स्कोअर आणि मित्रांचे टोमणे

फोंड्याला एका मित्राच्या घरी महिन्यातनं एकदा आम्ही पाचसहा जण जमतो. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, एकजण औषधाच्या कंपनीत, आणि सगळ्यांना खाज एकच, पियानोसाठी लिहिलेलं काहीतरी घ्यायचं आणि ते अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढायचं. ऑर्केस्ट्रा अर्थातच कुणाकडे नाही. लॅपटॉप आहे, त्यावर म्युझस्कोअर हे स्वरलेखन करून वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, आणि एकमेकांच्या चुका काढायला भरपूर वेळ आहे. नवीन येणारा प्रत्येकजण विचारतो की हे काय खूळ काढलंत, म्हणून मागची गोष्ट एकदाची लिहून टाकतो, कारण खूळ आमचं नाहीच, दीडशे वर्षांचं आहे आणि ते ज्यांनी गाजवलं तेही असेच नोकऱ्या सांभाळून लिहिणारे होते.

१८६० च्या दशकातलं सेंट पीटर्सबर्ग. बालाकिरेव्ह नावाच्या पियानिस्टभोवती चार पोरं जमली. बोरोदिन रसायनशास्त्रज्ञ, पुढे वैद्यकीय अकादमीत प्रोफेसर. कुई लष्करी इंजिनिअर, किल्ल्यांच्या तटबंदीतला माणूस. रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात. मुसोर्गस्की आधी लष्करात, मग सरकारी कचेरीत. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, रीतसर शिकलेलं यांच्यात कुणीच नाही, बालाकिरेव्ह स्वतःसुद्धा नाही. एखाद्याने काही लिहून आणलं की बालाकिरेव्ह पियानोवर बसणार, वाजवणार, आणि हे काढ, इथं हे घाल, हा स्वर बदल, असं जागच्या जागी सांगणार. कान तल्लख पण स्वभाव हुकूमशहाचा, दुरुस्त्या इतक्या की शेवटी पीस कुणाचा हेच कळू नये.

मुसोर्गस्कीने १८६७ च्या जूनमध्ये डोंगरावरच्या चेटकिणींच्या रात्रीवर एक ऑर्केस्ट्रा पीस पुरा केला. बालाकिरेव्हला तो आवडला नाही आणि वाजवायलाही त्याने नकार दिला. मुसोर्गस्की अडून बसला, बदलणार नाही म्हणाला, आणि १८८१ ला वारला तोवर त्याला तो पीस ऑर्केस्ट्रावर ऐकायला मिळाला नाही. जग ओळखतं ते रिम्स्कीने १८८६ ला नीटनेटकं केलेलं रूप, मूळ स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली प्रत, छापून यायला १९६८ उजाडलं. आमच्यात कुणी उत्साहाने म्हणालं ना की दे फाइल, मीच फिक्स करून देतो, तर मला हाच माणूस आठवतो.

पण याच मंडळींचा एक प्रसंग फार गोड आहे. १८७९ मध्ये एका कॉन्सर्टसाठी बोरोदिनच्या ऑपेरातले नाच हवे होते आणि हा प्रोफेसर कामाच्या गराड्यात, ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणं, झालेलंच नाही. मग रिम्स्की आणि लियादोव्ह नावाचा आणखी एक संगीतकार मदतीला बसले, तिघांनी पानं वाटून घेतली, पेन्सिलीने रात्री उशिरापर्यंत लिहित राहिले, आणि पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून बोरोदिनने पानांना पातळ जिलेटिन फासलं आणि कपडे वाळत घालतात तशी दोरीवर टांगली. केमिस्ट ना शेवटी. आमचा औषध कंपनीवाला ही गोष्ट वर्षातनं चारदा तरी सांगतो.

रिम्स्कीचंही ऐका. १८७१ ला कन्झर्व्हेटरीने थेट प्रोफेसर म्हणून बोलावलं, आणि याला हार्मनीतली साधी नावंही धड येत नव्हती, हे त्याने स्वतःच आठवणींत कबूल केलंय. विद्यार्थ्यांच्या एक पाऊल पुढे राहून शिकत गेला. १८७३ पासून नौदलाच्या बँडांचा इन्स्पेक्टर झाला तेव्हा फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन स्वतः फुंकून बघितले. ऑर्केस्ट्रेशनवरचं त्याचं पुस्तक मरणानंतर १९१३ ला निघालं, त्यात अगदी वाण्याच्या हिशेबासारखी मापं आहेत, जोरात वाजवताना एका ट्रम्पेटला तोलायला दोन हॉर्न, एका हॉर्नला दोन क्लॅरिनेट. आमच्या निम्म्या चुका या एवढ्या हिशेबात पकडल्या जातात.

आता पियानोवरनं ऑर्केस्ट्रात जायचं म्हटलं की जे उदाहरण पहिलं निघतं ते. मुसोर्गस्कीचा मित्र, आर्किटेक्ट हार्टमान १८७३ ला अचानक गेला, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते पाहून मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये पियानोसाठी त्या चित्रांवरच्या पीसेसची मालिका लिहिली. हयातीत ती छापलीच गेली नाही, १८८६ ला रिम्स्कीने संपादून छापली. १८९१ ला रिम्स्कीच्याच एका विद्यार्थ्याने, तुशमालोव्हने, त्यातल्या काही भागांचं ऑर्केस्ट्रेशन केलं, १९१५ ला इंग्लंडात हेन्री वुडने, आणि मग कुसेवित्स्की या कंडक्टरने रावेल या फ्रेंच संगीतकाराला काम दिलं, जे १९ ऑक्टोबर १९२२ ला पॅरिसमध्ये वाजलं आणि बाकी सगळे मागे पडले. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, जुन्या किल्ल्याच्या चित्राला आल्टो सॅक्सोफोन, बैलगाडीला ट्यूबा. सॅक्सोफोन म्हटल्यावर आपल्याकडे फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या उत्सवाचा, बँड आठवतो, रावेलने त्याच वाद्यातनं उदास गाणं काढलंय.

आणि इथंच गंमत आहे. बैलगाडी मुसोर्गस्कीने पहिल्या स्वरापासून दणदणीत लिहिली होती, गाडी थेट अंगावरच. छापताना रिम्स्कीने ती हळू सुरू करून वाढत नेली, म्हणजे लांबून येणारी. रावेलच्या हातात होती ती हीच छापील प्रत, म्हणून त्याची गाडीही लांबूनच येते. एका मित्राची दुरुस्ती अशी छत्तीस वर्षांनी दुसऱ्या देशात ट्यूबावर वाजली. मला स्वतःला, खरं सांगतो, लांबून येणारीच जास्त आवडते, पण ती मुसोर्गस्कीची नाही एवढं माहीत असलेलं बरं.

रावेल हे स्वतःच्या पियानो पीसेसबद्दलही करायचाच, १८९९ चा पावान (एका जुन्या संथ नाचाच्या धर्तीवरचा पीस) १९१० ला ऑर्केस्ट्रात नेला. दबुसीने साती या फ्रेंच संगीतकाराच्या जिम्नोपेदी नावाच्या तीन पियानो पीसेसपैकी दोन नेले. नॉर्वेच्या ग्रीगचा किस्सा आमच्या कामाचा. त्याच्या १८९१ च्या छोट्या पियानो पीसेसमधले काही न्यूयॉर्कच्या कंडक्टर झाइडलने ऑर्केस्ट्रासाठी केले होते, ग्रीगला ते जड वाटले, मग १९०५ च्या सुमाराला त्याने स्वतः हात फिरवून हलके केले.

अडतं कुठं तर पेडलवर. पियानोवर पाय दाबला की आधीचे स्वर मागे तरंगत राहतात, ऑर्केस्ट्रात पाय दाबायला जागा नाही, ते तरंगणं कुणाला तरी लिहूनच द्यावं लागतं, व्हायोलाला लांब स्वर नाहीतर हॉर्नला. उलट पियानोचा स्वर वाजल्याक्षणी विरायला लागतो आणि व्हायोलिनचा तसाच ताणलेला राहतो, म्हणजे जे पियानोवर नाजूक तेच इथं चिकट. डाव्या हाताचे खालचे दाट कॉर्ड जसेच्या तसे चेलो-बासला दिले की चिखल.

आम्हा मराठी मंडळींची अजून एक खोड. आपला कान नाट्यसंगीतावर, पायपेटीवर वाढलेला, गायक पुढे आणि ऑर्गन, सारंगी सगळे त्याच चालीच्या मागे. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकाच्या पहिल्या स्कोअरमध्ये फ्लूट, ओबो, व्हायोलिन सगळे तीच चाल वाजवत असतात. जोरदार वाटतं खरं, पण रंग एकच.

हे काम गोव्याला परकं मात्र अजिबात नाही. पोर्तुगीज काळात इगर्जीजवळच्या, म्हणजे चर्चजवळच्या, शाळांत मेस्त्र (संगीताचे मास्तर) पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातनं तयार झालेले वाजवणारे मुंबईला गेले आणि सिनेमाच्या स्टुडिओत बसले. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवणार आणि अरेंजर ती ऐकून व्हायोलिनचे, ब्रासचे पार्ट कागदावर उतरवणार. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझांनी हेच केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर त्यापुढे गेले, १९५८ ला मुंबईत त्यांनी रागांवर लिहिलेलं स्वतःचं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला. लताबाईंचं मूळ मंगेशीचं, माजोर्डा सासष्टीत, एकाच गोव्याच्या दोन गावांचं संगीत मुंबईत एका स्टेजवर भेटलं. पेटीवरनं ऑर्केस्ट्रात नेणं आणि पियानोवरनं नेणं यात तत्त्वतः फरक काय, मला तरी दिसत नाही. इकडे पणजीत १९५२ ला आंतोनियो द फिगेरेदोंनी अकादेमिया द मुझिका काढली.

फीडबॅकवर अजून एक किस्सा राहिला. १८७४ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्कीने आपला पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, निकोलाय रुबिनस्टाइन या पियानिस्टला वाजवून दाखवला. पहिला भाग संपला, समोरचा गप्प. चायकोव्हस्कीने नंतर पत्रात लिहिलंय की ती शांतताच जास्त लागली. मग रुबिनस्टाइनने पीसवर सडकून टीका केली आणि चायकोव्हस्की म्हणाला एक स्वर बदलणार नाही. १८७५ ला पहिल्यांदा वाजला तो बोस्टनला. पुढे रुबिनस्टाइनने स्वतः तो उचलून धरला आणि चायकोव्हस्कीनेही नंतर बरेच स्वर बदलले, हे दुसरं अर्धं कुणी सांगत नाही. फाइल पाठवल्यावर चार दिवस ग्रुपवर कुणी काही बोललं नाही की काय होतं ते आमच्यातल्या कुणालाही विचारा.

यातलं बरंच आता फुकट झालंय. २००६ ला सुरू झालेल्या आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुने स्कोअर मिळतात, २०२२ च्या डिसेंबरात म्युझस्कोअर ४ आलं तेव्हापासून लॅपटॉपवरचे व्हायोलिनही बऱ्यापैकी खरे वाटतात. घोटाळा तिथंच आहे, कॉम्प्युटर काहीही वाजवतो. मी ग्रीगचा एक पीस केला होता, क्लॅरिनेटला अकरा बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) सलग ओळ, स्पीकरवर इतकी सुंदर की सगळ्यांनी वाहवा केली. मग एका रविवारी सासष्टीतले एक म्हातारे क्लॅरिनेटवाले आले, आयुष्यभर फेस्तांच्या बँडमध्ये वाजवलेले. चष्मा वर सरकवून पान बघितलं, वाजवायला घेतलं, सातव्या बारला थांबले, आणि म्हणाले, "पुता, हांव स्वास खंय घेऊं?" म्हणजे, पोरा, मी श्वास कुठं घेऊ?

मी पेन्सिल काढली तर म्हणाले, तू थांब, आधी हे घे, आणि सहाव्या बारवर स्वतःच स्वल्पविरामाएवढी एक खूण केली. तेवढीच. स्वर एकही बदलला नाही. नंतर फाइलमध्ये ती खूण घातली, आणि उरलेली ओळ बासूनला दिली.