सोन्याचा उजेड लेपाच्या हाती

दागिन्याची लकाकी म्हणजे परावर्तित प्रकाश. सोन्याने स्वतः प्रकाश बाहेर टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि नेहमीच्या सोन्यात ती जवळजवळ घडतच नाही. १९६९ मध्ये संशोधक मूराडियन यांनी सोन्यावर आणि तांब्यावर लेसर सोडून हे पाहिलं. सुमारे दहा अब्ज फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले गेले, तर जेमतेम एक बाहेर पडतो. बाकीची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या टकरींमधून उष्णता होऊन जाते.

तेच सोनं पंचवीसेक अणूंच्या पुंजक्यात आणलं की त्याचं धातूपण सरतं. इलेक्ट्रॉनांना रेणूंसारखे सुटेसुटे ऊर्जास्तर मिळतात, आणि वरच्या स्तरावरून उतरताना ते लाल किंवा अवरक्त प्रकाश देऊ शकतात. तो किती मिळेल, हे मात्र बरंचसं वरच्या लेपावर ठरतं. असे पुंजके उघडे ठेवले तर द्रावणात एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून त्यांच्यावर गंधक असलेल्या रेणूंचं आवरण चढवतात. झिकुन वू आणि राँगचाओ जिन यांनी २०१० मध्ये दाखवलं, की हे आवरण नुसती राखण करत नाही. गंधकाच्या वाटेने सोन्याला जास्त इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लेपात असेल, तर प्रकाश वाढतो. आपल्या पेशींत असणारा ग्लुटाथायोन हा असाच एक रेणू.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१५ चा प्रयोग. सोन्याचे २२ अणू, त्यांच्याभोवती ग्लुटाथायोनचे १८ रेणू. असा पुंजका पाण्यात शोषलेल्या फोटॉनांपैकी सुमारे ८ टक्केच प्रकाशरूपाने परत देतो. संशोधकांनी सोन्याला हातही लावला नाही. ग्लुटाथायोनच्या बाहेरच्या टोकांना लांब शेपट्यांचे अवजड आयन (विद्युतभारित कण) जोडले, आणि प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं! आवरण सैल असलं की त्याच्या थरथरण्यात ऊर्जा मुरते. ते जखडलं गेलं, तेव्हा इलेक्ट्रॉनाला ऊर्जा बहुतेक वेळा प्रकाशातूनच सोडावी लागली.

लेप प्रथिनाचाही चालतो. गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये सोन्याचा क्षार मिसळून आम्लारी द्रावण ३७ अंश सेल्सिअसला ठेवलं, की प्रथिनाच्या घड्यांतच पुंजके तयार होतात आणि अतिनील दिव्याखाली लाल उजळतात. सिंगापूरच्या संशोधकांनी ही कृती २००९ मध्ये मांडली. प्रकाशाचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपासच, पण प्रथिनाचं हे आवरण पाऱ्याच्या आयनांना आत शिरू देतं. ते पुंजक्याच्या पृष्ठभागावरच्या सोन्याच्या आयनांशी जोडले जातात आणि लाल प्रकाश विझतो. पाण्यातला पारा ओळखण्याची चाचणी त्यातूनच तयार झाली.