सेलमध्ये दिसतं एक, असतं दुसरंच

लाभार्थ्यांची यादी ईमेलने आली. सीएसव्ही फाइलवर, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर, डबल-क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि आधार क्रमांकाच्या कॉलममध्ये ओळीमागून ओळ '२.३४५६८ई+११' अशी. हात इथेच थांबवायचा. सेव्हचं बटण दाबायचं नाही. या घडीला बाराच्या बारा आकडे शाबूत आहेत, फक्त दिसत नाहीत.

प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे चौकटीत, दोन गोष्टी असतात: आत साठवलेली किंमत आणि ती दाखवायची पद्धत, म्हणजे फॉरमॅट. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं की बहुतेक वेळा खरी किंमत कळते. 'जनरल' फॉरमॅट ११ आकड्यांपर्यंतची संख्या सरळ दाखवतो, बारावा आकडा आला की घातांकाच्या रूपात लिहितो ('ई+११' म्हणजे गुणिले दहाचा अकरावा घात). म्हणून १० आकडी मोबाईल नंबर नीट दिसतो आणि १२ आकडी आधार क्रमांक बिघडल्यासारखा वाटतो. कॉलम निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, 'नंबर' निवडा, दशांश स्थळं शून्य करा. आकडे परत दिसतील.

सेव्ह करू नका म्हटलं ते यासाठी, की सीएसव्ही फाइलमध्ये जाते ती पडद्यावर दिसणारी गोष्ट, आतली किंमत नव्हे. '२.३४५६८ई+११' दिसत असताना त्याच फाइलवर सेव्ह केलं, तर फाइलमध्ये तेवढीच अक्षरं उरतात. पुढच्या वेळी उघडल्यावर पहिले सहा आकडे मिळतात, त्यातलाही शेवटचा पूर्णांकित केलेला असू शकतो, आणि उरलेल्या सहांच्या जागी शून्यं येतात. मग कुठलाही फॉरमॅट लावून उपयोग नाही.

आकडे १५ पेक्षा जास्त असतील तर एवढाही वेळ मिळत नाही. एक्सेल प्रत्येक संख्या ६४ बिटांत ठेवतं. त्यातला १ बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. या मांडणीत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच्या पूर्ण संख्या एकही न गाळता मांडता येतात. ही संख्या १६ आकडी आहे, म्हणजे सगळ्या १६ आकडी संख्या तिच्या आत मावत नाहीत. हमी देता येते ती १५ आकड्यांची, आणि एक्सेल तिथेच रेघ ओढतं. १६ आकडी कार्ड नंबर ४३२१ ने संपत असेल तर तो ४३२० होतो. फॉर्म्युला बारमध्येही शून्यच दिसतं, कारण आकडा खरोखरच गेलेला असतो. अशा वेळी मूळ फाइलकडे परत जाण्यावाचून इलाज नाही.

तेव्हा ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नाही, ते संख्या म्हणून ठेवायचेच नाहीत. खाते क्रमांक, आधार, मोबाईल, शून्याने सुरू होणारे कोड ही सगळी अक्षरंच समजा. स्वतः टाइप करणार असाल तर कॉलमला आधी 'टेक्स्ट' फॉरमॅट द्या. आधी टाइप करून मग फॉरमॅट बदलला तर उडालेलं शून्य परत येत नाही. सीएसव्ही असेल तर डबल-क्लिक टाळा. रिकामी फाइल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा आणि कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. तिथे एक प्रश्न विचारला जातो, त्याला 'रिप्लेस करंट' हेच उत्तर द्या. दुसरा पर्याय निवडलात तर एक्सेल आधी संख्या करतं, मग त्या संख्येचं टेक्स्ट करतं, आणि तोवर शून्यं गेलेली असतात.

जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो. नुसतं ७/१२ टाइप करा, भारतीय सेटिंग असलेल्या संगणकावर ७ डिसेंबर होतं. गट आणि हिस्सा १२/३ लिहिला की १२ मार्च. १२/४५ लिहिलं तर दिवस-महिना जुळत नाही, मग एक्सेल त्याला महिना आणि वर्ष समजून '४५ सालच्या १ डिसेंबरची तारीख करतं. १४५/२ मात्र कशातच बसत नाही, ते जसंच्या तसं राहतं. एकाच कॉलममध्ये काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालं असं समजा: उजवीकडच्या तारखा, डावीकडची अक्षरं.

अशी तारीख टेक्स्ट करायला गेलात तर ७/१२ परत येत नाही, ४५९९८ असा आकडा येतो. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेले दिवस. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो १ मे १९६० म्हणजे २२०३७. २०२५ साली टाइप केलेलं ७/१२ म्हणजे ४५९९८.

या सवयीने विज्ञानाचंही नुकसान केलं आहे. सेप्टिन आणि मार्च कुळातल्या जनुकांची संक्षिप्त नावं एक्सेलमध्ये सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा होत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधली जनुकयादी सोबत जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली गेली. २०२३ मध्ये एक्सेलच्या 'ऑप्शन्स'मधल्या 'डेटा' पानावर आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आली. ती सुरुवातीची शून्यं, लांब आकडे आणि अक्षर-आकडा जोडून लिहिलेल्या नोंदींसाठी आहे. तिरपी रेघ असलेल्या ७/१२ साठी आधी टेक्स्ट फॉरमॅट हाच उपाय.

उलटा प्रकारही होतो: संख्या अक्षरं होऊन बसते, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो आणि बेरीज शून्य येते. इथे फॉरमॅट बदलून काही होत नाही. कॉलम निवडून 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा आणि थेट 'फिनिश' दाबा. तरीही बेरीज जमली नाही तर वेबपानावरून आलेली १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा आकड्याला चिकटलेली असते. 'ट्रिम' हे सूत्र फक्त ३२ क्रमांकाची साधी जागा काढतं, ही 'सबस्टिट्यूट' या अदलाबदलीच्या सूत्राने काढावी लागते.

आता आपली लिपी. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलं नाही, तर ते या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं वाचतं: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह आणि वर्तुळातला आर. संपूर्ण मराठी मजकूर अशा त्रिकुटांनी भरलेला दिसला तर घाबरू नका, बाइट जसेच्या तसे आहेत. आयात करताना 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्या, तो फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ ही ओळखखूण ठेवतो. साध्या सीएसव्हीत साठवलंत तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती कायमची.

सेलमध्ये मराठी दिसते पण फॉर्म्युला बारमध्ये रोमन अक्षरांचा गोंधळ, असं असेल तर तो जुना नॉन-युनिकोड फॉन्ट आहे: श्री-लिपी, कृतिदेव वा तत्सम. तिथे आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावून त्याची मराठी होत नाही. त्या नेमक्या फॉन्टचा परिवर्तक वापरूनच मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

वेलांटीचं टोक किंवा खालचा उकार कापला जात असेल तर ओळीची उंची पाहा. कॅलिब्री ११ साठी ठरलेली १५ पॉइंट उंची देवनागरीला अपुरी पडते. ओळीच्या क्रमांकाखालच्या रेषेवर डबल-क्लिक केलं की उंची जुळते. मर्ज केलेल्या सेलमध्ये मात्र ती आपोआप जुळत नाही, आणि कुठलीच ओळ ४०९ पॉइंटांपेक्षा उंच होत नाही. त्यापुढचा मजकूर आत असतो, दिसत नाही. हॅशची रांग दिसली तर कॉलम रुंद करा. रुंद करूनही गेली नाही तर तारखेचं किंवा वेळेचं उत्तर ऋण आलं आहे.

सगळ्यात फसवा दोष डोळ्यांना दिसतच नाही. 'वऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच. चिन्हं मोजणाऱ्या 'लेन' सूत्राने मोजा, पहिला ६ येतो आणि दुसरा ७. मग फिल्टरमध्ये एकच गाव दोनदा येतं आणि दुसऱ्या यादीतून नोंद शोधून आणणाऱ्या व्हीलुकअपच्या उत्तराचा भरवसा राहत नाही. 'युनिकार' हे सूत्र क्रमांकावरून चिन्ह देतं. 'सबस्टिट्यूट'मध्ये शोधायचा भाग म्हणून त्याचे २३५२ (र), २३८१ (हलन्त), ८२०५ (जोडक) जोडून द्या, बदली म्हणून २३५३ (ऱ) आणि २३८१. उत्तरांचा नवा कॉलम 'पेस्ट व्हॅल्यूज'ने पक्का करा आणि पुन्हा 'लेन' लावून पाहा. दोन्हीकडे ६ आले की यादी जुळवायला घ्या.